छाप आणि छापील : विज्ञानप्रकाशनाच्या आधारासाठी विकल्या जाणाऱ्या नाममुद्रांकित वस्तू

विज्ञानविषयक नियतकालिक किंवा ग्रंथमाला चालविणाऱ्या, परंतु नफा हे ज्यांचे प्रयोजन नाही अशा संस्थांचे उत्पन्न स्थूलमानाने तीन वाटांनी येते : वाचकांची वर्गणी, जाहिराती आणि देणग्या. गेल्या काही दशकांत या तिहींना चौथी वाट येऊन मिळाली आहे. संस्थेचे नाव व बोधचिन्ह ज्यांवर उमटविले आहे असे टी-शर्ट, कॉफीचे मग, कापडी पिशव्या, रोजनिश्या वाचकांस विकावयाच्या आणि खर्च वजा जाता उरणारी रक्कम प्रकाशनाकडे वळवावयाची, ही ती वाट होय. अमेरिकेतील 'पब्लिक लायब्ररी ऑफ सायन्स' या संस्थेचे पहिले नियतकालिक ऑक्टोबर २००३ मध्ये निघाले. सर्वांस विनामूल्य वाचता यावे अशा शोधनिबंधांचे प्रकाशन करणाऱ्या या संस्थेने आपल्या पाठीराख्यांसाठी टी-शर्टसारख्या वस्तू विक्रीस ठेवल्या होत्या. तथापि तिचा योगक्षेम त्या वस्तूंवर चाललेला नाही. तो मुख्यतः लेखकांकडून अथवा त्यांच्या संस्थांकडून घेतल्या जाणाऱ्या प्रकाशनशुल्कावर चालतो. मग टी-शर्ट कशासाठी, हा प्रश्न उरतोच. तो मराठी विज्ञानप्रकाशनाच्या संदर्भात, आणि तेही ठाणे व कल्याण-डोंबिवली या पट्ट्याकडे पाहून, विचारात घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या पट्ट्याची निवड अकारण नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मधील, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मधील. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डिसेंबर २०१० मध्ये ठाण्यास आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये डोंबिवलीस भरले. मराठी वाचणारा, मुलांच्या शाळेची काळजी वाहणारा, दरमहा ठरावीक वेतन मिळविणारा मध्यमवर्ग इतक्या दाटीने एकत्र राहतो अशी ठिकाणे महाराष्ट्रात फार नाहीत. नाममुद्रांकित वस्तू मराठीत कोठे खपावयाच्याच असतील तर त्या येथे खपाव्यात, असे मानण्यास हरकत नाही.

प्रथम शब्दाचा विचार. ज्याला आज सर्रास 'ब्रँड' म्हटले जाते, त्यासाठी मराठी बाजारपेठेत जुना आणि पुरेसा शब्द होता, तो म्हणजे 'छाप'. काडेपेटी, विडी, साबण, छत्री या वस्तू निरक्षर ग्राहकालाही ओळखता याव्यात म्हणून त्यांवर घोडा, उंट, हत्ती असे चित्र असे आणि ग्राहक त्या चित्राच्याच नावाने वस्तू मागत असे. याच धातूपासून 'छापणे', 'छापील' आणि 'छापखाना' हे शब्द आले आहेत. म्हणजे वस्तूवरील व्यापारी खूण आणि कागदावरील मुद्रित मजकूर या दोहोंस मराठीने एकाच कुळात ठेवले आहे. संस्कृतोद्भव शब्दांतही हीच जोडी आढळते : 'मुद्रा' म्हणजे शिक्का, 'मुद्रण' म्हणजे छपाई. इंग्रजी 'ब्रँड' शब्दाचे मूळ मात्र जाळण्याशी, तापल्या लोखंडाने गुरांस दिलेल्या डागाशी निगडित आहे. त्यात मालकीचा अर्थ प्रधान असून मजकुराशी त्याचा संबंध नाही. व्युत्पत्तीवरून आजच्या व्यवहाराविषयी निष्कर्ष काढणे हा भाषाभ्यासकांचा जुना दोष आहे, आणि त्यात येथे पडावयाचे नाही. परंतु 'छाप' या शब्दातील दोन अर्थ एक सोयीचा भेद सुचवितात. काही वस्तूंवर संस्थेची केवळ खूण असते. काही वस्तूंवर त्या खुणेबरोबर वाचण्यासारखे, वापरण्यासारखे ज्ञानही छापलेले असते. पहिल्या प्रकारच्या वस्तू आणि दुसऱ्या प्रकारच्या वस्तू यांचे अर्थकारण व परिणाम अगदी भिन्न आहेत.

नाव घातलेली वस्तू मराठी घरास नवी नाही. पितळी वा स्टीलच्या भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरून घेण्याची चाल सर्वश्रुत आहे. लग्नमुंजीत आलेल्या तांब्या-पातेल्यांवर देणाऱ्याचे नाव आणि तारीख पिढ्यान्‌पिढ्या टिकून असते. शाळेतील घड्याळ, देवळातील घंटा, सभागृहातील पंखा यांवरही देणगीदाराचे नाव असते. पंख्याच्या पात्यावर रंगविलेले नाव पंखा चालू असता वाचता येत नाही, एवढीच काय ती अडचण. या सर्व उदाहरणांत नाव देणाऱ्याचे आणि वस्तू घेणाऱ्याची असा संबंध आहे. संस्थेच्या टी-शर्टच्या बाबतीत हा संबंध उलटा होतो : पैसे देणारा स्वतः घेणाऱ्या संस्थेचे नाव अंगावर वागवितो. देणगीदाराने आपले नाव झाकून संस्थेचे नाव पुढे करावे, ही कल्पना आपल्याकडे त्या मानाने उशिरा रुजली, आणि तीही शुभेच्छापत्रांच्या द्वारे. दुसऱ्या महायुद्धानंतर मिळालेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून चेकोस्लोव्हाकियातील एका सात वर्षांच्या मुलीने काढलेले चित्र १९४९ मध्ये युनिसेफने कार्डावर छापले, तेव्हापासून या पद्धतीचा आरंभ मानला जातो. भारतात १९७९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'क्राय' या संस्थेची शुभेच्छापत्रे पुढे घरोघरी पोहोचली. कार्ड विकत घेणारा ते तिसऱ्याला पाठवितो आणि संस्थेचे नाव टपालाबरोबर हिंडते, हे या वस्तूचे वैशिष्ट्य होते. शुभेच्छा दूरध्वनीच्या पडद्यावरून जाऊ लागल्या तशी ती वस्तूच मागे पडली. एकाच वस्तूवर विसंबणाऱ्या संस्थेस हा धोका सदैव असतो.

मराठी विज्ञानप्रकाशनाने हा मार्ग फारसा चोखाळलेला दिसत नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दिग्दर्शन' १८४० मध्ये निघाले. केवळ विज्ञानास वाहिलेले 'सृष्टिज्ञान' १९२८ मध्ये पुण्यास सुरू झाले. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना २४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत झाली आणि तिची पत्रिका व तिचे महाराष्ट्रात व बाहेर पसरलेले विभाग यांनी त्यानंतरचा काळ भरून काढला. या सर्व उद्योगामागे प्राध्यापक, अभियंते, शिक्षक यांनी विनामूल्य वा नाममात्र मानधनावर केलेले काम आहे. ताळेबंदात हे काम दिसत नाही, म्हणून ते फुकट आहे असा समज होतो. नावाचे मोल काय असते याविषयीची एक सुपरिचित हकीकत याच परिषदेशी निगडित आहे. परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा-स्पर्धेत जयंत नारळीकर यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली. आपल्या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने घेऊन त्यांनी हे नाव बनविले होते. पारितोषिक मिळाल्यानंतर खरे नाव प्रकट झाले. नावाची छाप काढून घेतल्यावर मजकूर स्वतःच्या बळावर उभा राहतो काय, याचीच ती परीक्षा होती. नाममुद्रांकित वस्तूंच्या बाबतीत परीक्षा नेमकी उलट असते : मजकूर काढून घेतल्यावर केवळ नाव उभे राहते काय?

या प्रश्नाचे उत्तर लोकलगाडीत पाहावे. देशातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आली आणि पुढच्या वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. आज या मार्गावरील सकाळच्या गाडीत उभे राहणाऱ्या प्रवाशाच्या डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर दुसऱ्याची सॅक वा पिशवी असते, कारण गर्दीत ती पाठीवर न ठेवता छातीशी धरावी लागते. डोंबिवलीहून मुंबईस जाणाऱ्यास हा मजकूर तासभर वाचावा लागतो. इतक्या जवळून, इतका वेळ वाचले जाणारे दुसरे छापील पृष्ठ आज क्वचितच असेल. त्या पृष्ठावर बहुधा शीतपेयाचे, संगणकसेवा देणाऱ्या कंपनीचे किंवा परदेशी विद्यापीठाचे नाव असते. तेथे देवनागरीत 'मराठी विज्ञान परिषद' अशी तीन अक्षरसमूहांची ओळ असल्याची कल्पना केली, तर तिचे वेगळेपण ध्यानात येते. हे नाव अर्थपारदर्शी आहे. ते वाचले की संस्था कोणत्या भाषेत व कोणत्या विषयात काम करते हे कळते, पूर्वपरिचय लागत नाही. आद्याक्षरांचे संक्षिप्त नाव तेथे निरुपयोगी ठरते, कारण जो संस्थेला ओळखतो त्यालाच ते कळते. बोधचिन्ह सुंदर असावे म्हणून जेवढा विचार केला जातो तेवढा त्याखालील ओळीचा केला जात नाही, हे खरे.

परंतु केवळ खुणेच्या वस्तूचे अर्थकारण दुबळे असते. एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, एका संस्थेने प्रत्येकी २०० रुपये खर्चून २०० टी-शर्ट करून घेतले आणि ३५० रुपयांस विकावयाचे ठरविले. गुंतवणूक ४०,००० रुपये. ११५ वा टी-शर्ट विकला जाईपर्यंत मुद्दलही सुटत नाही. टी-शर्ट चार-पाच मापांत करावे लागतात आणि मधली मापे संपून टोकाची उरतात. १४० खपले तर ९,००० रुपये हाती येतात, त्यांतून कर, वाहतूक आणि प्रदर्शनातील टेबलाचे भाडे जावयाचे असते, आणि साठ टी-शर्ट कार्यालयातील कपाटात राहतात. ते कपाट पूर्वी जुन्या अंकांचे होते. कार्यकर्त्यांचा जो वेळ यात जातो त्याची किंमत या हिशेबात धरलेलीच नाही. तोच वेळ वर्गणीदारांस स्मरणपत्रे लिहिण्यात घालविला असता काय झाले असते, हा विचार प्रत्येक चिटणीसाने करावा.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी लागते. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत छापील पुस्तक करमुक्त राहिले, परंतु सदरा, पेला वा पिशवी करपात्र ठरली. मजकूर आणि खूण यांतील भेद येथे करनिर्धारकानेही मान्य केला आहे म्हणावयाचे. आयकराच्या बाबतीत १९६१ च्या अधिनियमातील 'धर्मादाय प्रयोजन' या व्याख्येस २००८ मध्ये एक परंतुक जोडले गेले. शिक्षण, गरिबांचे साहाय्य आदी विशेष नामनिर्दिष्ट प्रयोजनांखेरीज 'सामान्य लोकोपयोग' या सदरात मोडणाऱ्या संस्थेने व्यापाराच्या स्वरूपाचे काम केल्यास तिचे धर्मादायत्व धोक्यात येते, असा त्याचा आशय. २०१५ च्या वित्त अधिनियमाने अशा प्राप्तीला एकूण प्राप्तीच्या २० टक्क्यांची मर्यादा घातली. विज्ञानप्रसार हे शिक्षण की सामान्य लोकोपयोग, हा वरवर शब्दच्छलाचा वाटणारा प्रश्न येथे रुपयांत मोजला जातो.

दुसऱ्या प्रकारच्या वस्तूंकडे, म्हणजे ज्यांवर खुणेबरोबर ज्ञान छापलेले असते त्यांकडे, वळले की चित्र पालटते. मराठी घरात या प्रकाराचा सर्वांत यशस्वी नमुना विज्ञानसंस्थेने निर्माण केलेला नाही. तो १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेल्या 'कालनिर्णय'ने घालून दिला. भिंतीवर टांगावयाची वस्तू आणि तिच्या पानांच्या पाठीवर वाचावयाचे लेख, ही जोडणी व्यापारी दृष्टीने असली तरी तीतील तत्त्व कोणासही घेता येण्यासारखे होते. १९८० मध्ये स्थापन झालेल्या लोकविज्ञान संघटनेची 'लोकविज्ञान दिनदर्शिका' याच जातीची. दिनदर्शिकेचा मोठा गुण असा की तिचे गिऱ्हाईक दर वर्षी परत येते. मोठा अवगुण असा की जानेवारी सरला की उरलेल्या प्रती रद्दीत जातात.

या अवगुणापासून मुक्त अशी एक वस्तू आहे आणि ती ठाणे-कल्याण परिसराशी विशेष जुळणारी आहे. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या मार्गावर बदलापूरच्या पुढे वांगणी हे स्थानक लागते. खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम तेथे होत आले आहेत, आणि त्यांस ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील विद्यार्थी मोठ्या संख्येने जातात. अशा कार्यक्रमास उपयोगी पडणारी वस्तू म्हणजे फिरता तारकानकाशा : ताऱ्यांची तबकडी आणि तिच्यावर अंडाकृती खिडकी असलेली दुसरी तबकडी. कडेवरील तारीख आणि वेळ जुळविली की त्या क्षणी आकाशात जे आहे ते खिडकीत दिसते.

ही खिडकी अक्षांशागणिक बदलते, आणि नेमके याच कारणाने बाहेरची वस्तू येथे चालत नाही. ठाणे, डोंबिवली, कल्याण ही तिन्ही गावे १९ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहेत. ध्रुवतारा येथून क्षितिजापासून सुमारे १९ अंश उंच दिसतो. अगस्त्याचा तारा विषुववृत्ताच्या दक्षिणेस जवळजवळ ५३ अंशांवर असल्यामुळे येथे तो दक्षिणेकडे १८ अंश चढतो. दिल्लीस त्याची कमाल उंची सुमारे ९ अंश, आणि लंडनहून तो कधीच उगवत नाही. इंग्लंडातील वाचकासाठी केलेल्या नकाशात अगस्त्य नसतोच. आपल्या पुराणकथांत ज्याच्या दक्षिणेस जाण्याची गोष्ट आहे तोच तारा खिडकीबाहेर राहिलेला नकाशा डोंबिवलीच्या विद्यार्थ्याला देणे, याला विज्ञानप्रसार म्हणता येणार नाही. शिवाय उत्तर ध्रुव मध्यभागी धरून काढलेल्या एकाच तबकडीवर दक्षिणेकडील तारे इतके ताणले जातात की आकृत्या ओळखू येत नाहीत. म्हणून १९ अंशांच्या अक्षांशासाठी दुतर्फा तबकडी, एका बाजूस उत्तराभिमुख व दुसऱ्या बाजूस दक्षिणाभिमुख, करणे अधिक सोयीचे.

वेळेचाही एक बारकावा आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. डोंबिवली ७३ अंशांच्या आसपास. दोहोंत साडेनऊ अंशांहून किंचित कमी, म्हणजे वेळेत सुमारे ३८ मिनिटे अंतर पडते. घड्याळात रात्रीचे नऊ झाले असता तबकडी आठ वाजून बावीस मिनिटांवर ठेवावयास हवी. मुंबईने १९५५ पर्यंत प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' पाळली होती, हे ज्यांनी आपल्या आजोबांकडून ऐकले असेल त्यांना ही दुरुस्ती समजावून सांगण्यास वेळ लागणार नाही. अशी दुरुस्ती नकाशावर छापणे हे संपादकाचे काम आहे, बोधचिन्हकाराचे नव्हे.

परांचनगतीमुळे ताऱ्यांची स्थाने बदलतात, परंतु एक अंश सरकण्यास सुमारे ७२ वर्षे लागतात. आज छापलेला नकाशा घेणाऱ्याच्या नातवासही चालेल. प्रकाशकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की उरलेला माल शिळा होत नाही. पण ज्याने एकदा नकाशा घेतला तो पुन्हा घ्यावयास येत नाही, हेही तितकेच खरे. दिनदर्शिका आणि तारकानकाशा या वस्तू परस्परांची उणीव भरून काढतात. नकाशाच्या मागच्या कोऱ्या जागेत पत्रिकेच्या वर्गणीचा मजकूर छापला, तर पुन्हा न येणाऱ्या गिऱ्हाइकास दरमहा परत बोलाविण्याची सोय होते.

केरळमधील अनुभव येथे उद्बोधक आहे. केरळ शास्त्रसाहित्य परिषद १९६२ मध्ये स्थापन झाली. 'शास्त्रगती' (१९६६), 'शास्त्रकेरळम्' (१९६९) आणि मुलांसाठी 'युरेका' (१९७०) ही तिची नियतकालिके. १९८० पासून तिचे कलाजथे गावोगाव हिंडू लागले तेव्हा यजमान गावाने देणगीऐवजी परिषदेची पुस्तके विकत घ्यावीत अशी पद्धत ठेवण्यात आली. देणगी मागितली असती तर परिषद आश्रित ठरली असती. पुस्तक विकल्यामुळे गावात वाचन राहिले. याच परिषदेने प्रसार केलेली धूर कमी करणारी सुधारित चूल लोकांत 'परिषद अडुप्पु', म्हणजे 'परिषदेची चूल', या नावाने ओळखली जाऊ लागली. कोणी तिच्यावर बोधचिन्ह उमटविले म्हणून हे घडले नाही. वस्तू उपयोगी पडली आणि भाषेने नाव आपण होऊन चिकटविले. खरी छाप पडते ती अशी.

याविरुद्ध एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. अरविंद गुप्ता यांनी काड्या, रबरी नळी, टाकाऊ बाटल्या यांपासून केलेल्या खेळण्यांतून विज्ञान शिकविण्याचा जो मार्ग दाखविला, पुण्यातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत जो अनेक वर्षे चालला, त्याचे सारे मर्म वस्तू विकत घ्यावी लागत नाही यातच आहे. ती कृती कोणीही करावी, ते पुस्तक कोणीही विनामूल्य उतरवून घ्यावे. तारकानकाशाही पुठ्ठ्याचा घरी करता येतो. मग तो विकावा का? याला समाधानकारक उत्तर एवढेच दिसते की, आराखडा सर्वांस मोकळा ठेवावा आणि तयार वस्तूची किंमत घ्यावी. ज्यास वेळ आहे तो कापून चिकटवील. ज्यास वेळ नाही पण आठ-अठ्ठावीसच्या गाडीचे वेतन आहे, तो विकत घेईल. दोघांच्याही हाती तोच मजकूर राहील.

आणि त्या मजकुराचे भाषिक काम लहान नाही. व्याध, अगस्त्य, चित्रा, स्वाती ही नावे परंपरेने आलेली आहेत. बीटलज्यूसला काक्षी, रायजेलला राजन्य, फोमलहॉटला मीनास्य ही नावे मराठी ज्योतिर्विषयक लेखनात वापरली गेली आहेत, पण विद्यार्थ्याच्या पाठ्यपुस्तकात वा दूरध्वनीवरील आकाशनकाशात त्याला अरबी-इंग्रजी नावेच भेटतात. तबकडीवर दोन्ही छापावीत तर अक्षरे दाटतात. केवळ मराठी छापावीत तर मुलगा इतर नकाशांशी मेळ घालू शकत नाही. केवळ इंग्रजी छापावीत तर मराठी प्रकाशकाने नकाशा काढण्याचे प्रयोजन काय? तेजस्वी ताऱ्यांना दोन्ही आणि मंद ताऱ्यांना एकच, असा मध्यम मार्ग निघू शकतो. त्यासाठी कोणत्या प्रतीपर्यंतचे तारे तेजस्वी धरावयाचे हे ठरवावे लागेल. कडेवर घड्याळाची दुरुस्तीही एकच छापून भागणार नाही : तीच तबकडी अक्षांशाच्या दृष्टीने नागपूरलाही बऱ्याच अंशी चालते, पण ठाण्यास ३८ मिनिटे वजा करावयाची तर नागपूरला १४.